तिसरा काटा

१

सकाळी साडेसातला कॉम्प्रेसर सुरू करायचा, पाच मिनिटं तो नुसता धावू द्यायचा, मग हवेच्या पेटीसमोर स्टूल ओढून बसायचं आणि काटे बघायचे. त्या दिवसांत माझं काम एवढंच होतं. दिसायला पहारेकऱ्याचं काम, आणि आमच्याबरोबर काम करणारे बुवा ते बोलूनही दाखवायचे.

"मास्तरीणबाई, एवढं लांब जाऊन शिकून शेवटी स्टुलावरच बसायचं होतं, तर आम्ही इथल्या इथे बसवलं नसतं का?"

मी चिडत नसे. शिकायला मी खरंच खूप लांब गेले होते, आणि तिथे तीन वर्षं एकच गोष्ट शिकले होते: कामगाराच्या नाकापर्यंत पोचणारी हवा. जगात लोक पाण्यासाठी भांडतात, जमिनीसाठी भांडतात. हवेसाठी कुणी भांडत नाही, कारण ती दिसत नाही. मी भांडणार होते.

दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, धंदा फोम मारण्याचा. दोन पिंपांतली दोन द्रवं गनच्या तोंडाशी एकत्र येतात, भिंतीवर पडतात, आणि दोन-तीन सेकंदांत फुगून घट्ट होतात. मग त्या खोलीतली थंडी बाहेर जात नाही आणि बाहेरचा उन्हाळा आत येत नाही. मारताना मात्र खोलीभर बारीक धुकं उठतं. त्यातलं एक द्रव छातीत गेलं तर काही जणांना वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एके दिवशी छाती उलटते, दम कोंडतो. त्यानंतर त्या धुक्याचा एक श्वासही जीव घ्यायला पुरतो.

दादाची छाती आठ महिन्यांपूर्वी उलटली. ते कळवणारा फोन आला, म्हणून मी परत आले. डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ सांगितलं होतं, "पुन्हा हे धुकं आत गेलं तर माझ्याकडे आणायलाही वेळ मिळणार नाही."

दादा काम सोडायला तयार नव्हता. "गन सोडून मी काय करू? भाजी निवडू?"

शेवटी वहिनीनेच मला बाजूला घेतलं. "त्याला घरी बसव म्हणत नाही मी. बसवला तर आठ दिवसांत तो आम्हाला घराबाहेर काढेल. पण तू एवढं शिकून आलीस ना? मग मला शब्द दे. आतली चिमूटभर हवासुद्धा त्याच्या छातीत जाता कामा नये."

मी शब्द दिला. उगाच नाही, हिशोब करून दिला. स्वच्छ हवेत कॉम्प्रेसर, त्याच्यापासून पेटीपर्यंत जाड नळी, पेटीतली गाळणी, पेटीपासून प्रत्येकाच्या मास्कपर्यंत स्वतंत्र नळी. तोंडभर काच, कडेला रबर. रबराखाली एक केस आला तरी गळती होते, म्हणून मी बुवांना पंधरा वर्षांची दाढी काढायला लावली. बुवा हे दादाचे मदतनीस, आणि दाढीमुळेच बुवा.

"घरी गेलो तर बायकोने दार लावून घेतलं," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "आतून विचारते, कोण पाहिजे? म्हटलं, मी पाहिजे! तर म्हणते, ते कामावर गेलेत."

दादा इतका हसला की त्याला खोकला आला. 

२

ते काम एका शीतगृहाचं होतं. जुनी इमारत, सात खोल्या, एकीलाही खिडकी नाही. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना जाड दारं. काम चालू असलेल्या खोलीच्या दारात आम्ही प्लॅस्टिकचे दोन पडदे लावायचो, त्यांत एक पारदर्शक चौकट. तिच्यातून आतले दिवे आणि दोन पांढरे आकार दिसत.

पेटी बोळात, माझ्या गुडघ्यांसमोर. तिला तीन तोंडं होती आणि प्रत्येक तोंडावर एक मीटर. माणसाने श्वास ओढला की त्याच्या मीटरचा काटा किंचित खाली येतो, सोडला की वर जातो. मला आत बघायची गरजच नसे. पहिला काटा दादाचा, मिनिटाला चौदा. दुसरा बुवांचा, मिनिटाला वीस. बुवा श्वास घेत नाहीत, भाता चालवतात. तिसरं तोंड अडीनडीसाठी. त्याचा व्हॉल्व्ह बंद असे आणि वर पितळी टोपण पक्कं बसवलेलं. तिसरा काटा चार महिन्यांत एकदाही हलला नव्हता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला, पाचव्या खोलीचं काम चालू असताना, तो हलला.

आधी वाटलं कॉम्प्रेसरची थरथर असेल. थरथरीने काटा कापतो. हा कापत नव्हता. खाली यायचा, थांबायचा, वर जायचा. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. मिनिटाला अकरा. पुन्हा मोजले. अकरा.

मी टोपण आवळलं. व्हॉल्व्ह हाताने दाबून पाहिला, तो बंदच होता. साबणाचं पाणी आणून टोपणाभोवती लावलं. कुठे गळत असेल तर बुडबुडा येतो. एकही आला नाही. पाणी सुकून पितळेवर पांढरा डाग राहिला, आणि काटा आपला खाली, वर, खाली, वर.

अकरा वाजता दोघं चहाला बाहेर आले. दादाने मास्क काढला आणि तिसरा काटा थांबला.

"मीटर बिघडलाय," मी म्हणाले.

"मग बदल."

"नियम काय आहे? पेटीत काहीही बिघाड असेल तर काम बंद."

नियम माझाच होता. मीच तो मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवला होता. दादाने तो वाचल्यासारखं केलं, मग कप खाली ठेवला.

"अगं, मालक रोज दोनदा फोन करतोय. त्याचा माल बाहेर उन्हात उभा आहे. तुझे पडदे, तुझ्या नळ्या, तुझं मोजमाप, सगळं ऐकलं ना मी? आता एका रिकाम्या भोकाच्या मीटरसाठी काम थांबवायचं असेल तर सांग. पुढचं काम मी तोंडाला रुमाल बांधून करतो. आधी करत होतोच."

बुवा हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, रुमाल बांधला की तो ऐकायचा नाही. तुम्ही मीटर बदला."

मी मीटर बदलला.

३

शुक्रवारी, सहाव्या खोलीत, नवा मीटर. दहा वाजायच्या आत काटा सुरू झाला. अकरा.

मी स्वतःला बजावलं की मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे, आणि विज्ञानात घाबरण्याआधी एक प्रयोग करायचा असतो. जेवणाच्या सुट्टीत मी दादाची नळी तिसऱ्या तोंडाला जोडली आणि टोपण पहिल्या तोंडावर बसवलं. दोष तिसऱ्या तोंडात असेल तर तो तिथेच राहील. इतकं सोपं.

दुपारी दोघं आत गेले. तिसऱ्या मीटरवर दादा, चौदा. दुसऱ्यावर बुवा, वीस. पहिलं तोंड आता बंद, टोपण लावलेलं, आणि त्याचा काटा मिनिटाला अकरा.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या लक्षात आलं की मी स्वतःही अकराच्या चालीने श्वास घेतेय. मी मुद्दाम वेगळा घेतला. दोन मिनिटांनी पुन्हा तीच चाल.

मग मी एक मूर्खपणा केला. वाकले आणि त्या टोपणाला कान लावला.

बंद तोंडातून फार तर हवेची शीळ ऐकू यावी. मला खोली ऐकू आली. मोठी, रिकामी खोली. फोम निवताना तडतडतो, तसली बारीक तडतड सगळीकडून. आणि त्या सगळ्याच्या मध्ये कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. घाईत नसलेल्या माणसासारखं. वाट बघणाऱ्या माणसासारखं, असं मी आता म्हणते. तेव्हा मला फक्त घाईत नसलेलं एवढंच वाटलं होतं.

मी कान काढला. कानाच्या पाळीला पितळेचा गारवा लागला होता, आणि तो कितीतरी वेळ गेला नाही.

नळ्या परत जागच्या जागी लावल्या. वहीत लिहिलं, "तिसरा मीटर सदोष." लिहिताना मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. पण खरं काय लिहिणार होते? आणि कुणासाठी? उद्या एकच खोली उरली होती. ती झाली की ही इमारत सुटणार होती. मी काम थांबवलं असतं तर दादाने रुमाल बांधला असता, आणि वहिनीला दिलेला शब्द त्या रुमालात गेला असता. निदान नळीतली हवा तर स्वच्छ होती. ती मी रोज तपासत होते. दादाला चौदा श्वास मिळत होते, पूर्णच्या पूर्ण. कुणी तिसरा अकरा घेत असेल तर घेवो.

हो, मी असा विचार केला. अगदी याच शब्दांत.

संध्याकाळी घरी दादाच्या शेजारी बसून मी त्याचे श्वास मोजले. चौदा. प्रत्येकाच्या टोकाला ती छोटी शीळ, जी आठ महिने गेली नव्हती. मला बरं वाटलं. तो आजारी होता, पण तो तोच होता.

४

शनिवारी सातवी खोली. बोळाच्या टोकाची, सगळ्यांत मोठी. चाकांच्या उंच शिडीवरून छताजवळचा भाग आधी मारून झाला, मग दादा खाली उतरून कोपऱ्याच्या भिंतीकडे वळला. बुवांनी शिडी बाजूला ढकलली आणि चाकांना ब्रेक लावले. हाही माझाच नियम, शिडी मोकळी ठेवायची नाही.

तीनला पाच कमी असताना दादाचा काटा थांबला.

खाली नाही, वर नाही. पूर्ण दाबावर, सरळ उभा. म्हणजे नळीत हवा होती, पण ती कुणी ओढत नव्हतं. आणि तिसरा काटा एकदम खोल जायला लागला, पूर्वी कधी गेला नव्हता इतका. अकरा, पण भरभरून.

बाहेर बोलवायची आमची खूण म्हणजे नळीला तीन हिसके. मी दादाची नळी ओढली. ती जमिनीला खिळल्यासारखी जागची हललीच नाही. बुवांची नळी ओढली. तिकडून एक हिसका आला. एक म्हणजे ठीक. मी पुन्हा तीन दिले. पुन्हा एकच आला. आतल्या आवाजात बुवांना मोजता आलं नसावं.

चौकटीवर धुकं बसलं होतं, काही दिसत नव्हतं. घड्याळात एक मिनिट गेलं होतं.

मास्कशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे मी इतरांना शिकवलं होतं. राखीव मास्क पेटीखाली होता. राखीव नळीही. आणि मोकळं तोंड एकच होतं.

मी टोपण फिरवलं. ते निघताना कुणी उसासा सोडावा तसा आवाज झाला. नळी जोडली, व्हॉल्व्ह उघडला, मास्क चढवला, पट्टे ओढले आणि श्वास घेतला.

हवा आली नाही. रबर गालांना चिकटलं, काच डोळ्यांकडे आली. माझ्या नळीतून दुसरं कुणीतरी हवा ओढत होतं. मग ते थांबलं, आणि हवा आली. मी छाती भरून घेतली. पुन्हा ओढ. पुन्हा काही नाही. एका पेल्यातून दोघांनी प्यावं तसं. त्याचं झालं की माझं.

घाबरले असते तर तिथेच गुदमरले असते. मी मोजत गेले. त्याचा एक, माझा एक. पडदे बाजूला केले आणि आत शिरले.

सगळं पांढरं. दिव्यांभोवती धुक्याची वलयं. बुवा दाराजवळ गनच्या जाड नळीचं वेटोळं सोडवत होते. मला बघून त्यांनी हात वर केले, काय झालं? मी उत्तर द्यायला थांबले नाही. दादाची हवेची नळी जमिनीवरून शोधत निघाले, आणि खोलीच्या मध्यावर ती सापडली. शिडीचं चाक तिच्यावर होतं. ब्रेक लावलेलं. दारात सापडलेल्या पालीसारखी नळी चपटी झाली होती.

चार मिनिटं झाली होती. चार मिनिटं बंद नळीवर माणूस उभा राहत नाही. तो मास्क फाडून काढतो, नाहीतर पडतो.

दादा कोपऱ्यात उभा होता. मास्क नीट चढवलेला. गन चालू, हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नेहमीसारखे. पाठ माझ्याकडे. त्याचे खांदे सावकाश वर यायचे, सावकाश खाली जायचे.

मी दोन पावलं पुढे गेले. हवा घेतली. थांबले. त्याचे खांदे वर गेले, आणि माझ्या मास्कमध्ये हवा नव्हती. त्याचे खांदे खाली आले, आणि मला हवा मिळाली.

मी तीनदा पाहिलं. तीनदा तसंच.

त्याचा चेहरा भिंतीच्या फार जवळ होता. इतक्या जवळून कुणी मारत नाही. त्याच्या काचेसमोर, वीतभर अंतरावर, ताज्या फोमचा एक भाग होता, साधारण चेहऱ्याएवढा. फोम एकदाच फुगतो. फुगला की घट्ट होतो, मग त्याला करवतीनेच कापावं लागतं. तो खाली बसत नाही.

तो बसत होता. आणि पुन्हा फुगत होता.

माझ्या घशातून काय आवाज निघाला कोण जाणे. मागून बुवा धावत आले, त्यांनी नळी बघितली, ब्रेक काढून शिडीला खांदा लावला. नळी गोल झाली. त्या क्षणी माझ्या मास्कमध्ये हवा भसकन आली, सगळीच्या सगळी, एकटीला. मी भिंतीकडे पाहिलं. पिवळट, खडबडीत, सगळीकडे सारखी. दादा वळला आणि त्याने मला बघून अंगठा वर केला.

मी त्याला दंडाला धरून ओढतच बाहेर आणलं आणि माझा मास्क काढला.

"अगं, काय झालं काय? अर्धी भिंत राहिली की!"

"तुझी हवा बंद होती, दादा. पाच मिनिटं. नळी चाकाखाली होती."

"छे!" तो हसला. मास्क काढून त्याने घाम पुसला. ओठ निळे नव्हते, डोळे लाल नव्हते. "उलट आज इतकी छान हवा आली की काय सांगू. गार. आडात वाकलं की येते ना, तशी."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी पेटीकडे पाहिलं. तिसरा काटा उभा होता, खिळा मारल्यासारखा. त्यानंतर तो कधीच हलला नाही.

५

मी त्याला तसंच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीला यंत्र लावलं, पाठीला लावलं, पुसून परत छातीला लावलं. बराच वेळ ऐकलं.

"शीळ कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"बहिणीने पळवली," दादा म्हणाला.

"छाती लहान मुलासारखी स्वच्छ आहे. मला हे समजत नाही, पण तक्रार कशाला करू?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या नळ्यांचा उपयोग झालेला दिसतो."

मी विचारलं, "मिनिटाला किती?"

"अकरा. उत्तम."

घरी वहिनीला मी काही सांगायच्या आत दादानेच फोन करून सगळं सांगितलं होतं. दार उघडताच तिने मला मिठी मारली. इतकी घट्ट की तिची हुंदक्याने हलणारी बरगडी मला लागली. "शब्द पाळलास गं," ती म्हणाली. एवढंच, पुन्हा पुन्हा.

जेवताना दादा बोलत सुटला. आठ महिन्यांत त्याला एक लांब वाक्य जमलं नव्हतं, मध्ये खोकला यायचा. आता बुवांच्या बायकोने दार लावून घेतल्याची गोष्ट तो रंगवून सांगत होता, दोन्ही आवाज काढून, कुठेही न थांबता. वहिनी डोळे पुसत हसत होती. मीही हसले. हसता हसता माझी नजर त्याच्या सदऱ्यावर गेली.

सदरा वर येत होता आणि खाली जात होता. सावकाश. तो बोलत असताना.

बोलताना माणूस श्वास सोडतो. वाक्य संपलं की घेतो. मध्येच घेता येत नाही, घेतला तर शब्द तुटतो. दादाचा एकही शब्द तुटत नव्हता. शब्द त्यांच्या वाटेने चालले होते आणि छाती तिच्या वाटेने, एकमेकांशी ओळख नसल्यासारखी. मी टेबलाखाली बोटांवर मोजायला लागले.

"वहिनी," मी म्हणाले.

"काय गं?"

तिचा चेहरा मी इतका सैल कधी पाहिला नव्हता. मला सांगायचं होतं की त्याला पुन्हा घेऊन जाऊ या. पण कुठे? कुणाकडे? काय सांगून? त्याला हवा मिळालीय, ही तक्रार घेऊन?

"काही नाही," मी म्हणाले.

"बोलून बोलून घसा सुकला," दादा म्हणाला. वहिनीने भरलेला ग्लास त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलला आणि तोंडाला लावला. एका दमात प्यायची त्याची लहानपणापासूनची सवय. गळ्याची घाटी वर खाली होऊ लागली, घोटामागून घोट.

वहिनीने माझा हात धरला. "बघ ना," ती हळूच म्हणाली, "किती शांत श्वास चाललाय."

मी बघत होते. ग्लास अजून त्याच्या ओठांना होता.